पोरांनी स्वतःच्या पैशांतून केलेल्या शॉर्टफिल्मवर मत कसं द्यायचं? मदत हवीये

डिचोलीकर

नमस्कार मंडळी. थोडं मोठं लिहितोय पण वाचा प्लीज.

आम्ही गोव्यात डिचोलीला दहा-बारा जण दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एकाच्या घरी चौकात जमतो, भिंतीवर पांढरी चादर लावतो, प्रोजेक्टर एकाकडे आहे, आणि आसपासच्या पोरापोरींनी केलेल्या शॉर्टफिल्म बघतो. सांखळी, मये, वाळपई, कधी पेडण्याहून पण कोणी येतो. सगळ्या फिल्म स्वतःच्या पगारातून नाहीतर घरच्यांकडून मागून केलेल्या, पंधरा-वीस हजार, फार तर चाळीस. कलाकार म्हणजे काका, मावशी, शेजारी, आणि शूटवरचं जेवण आईने केलेलं.

जूनमध्ये एक मुलगा १७ मिनिटांची फिल्म घेऊन आला. बाप गावातलं किराणाचं दुकान बंद करतो, एवढीच गोष्ट. फिल्म संपली, दिवे लागले आणि आम्ही सगळ्यांनी काय म्हटलं तर "बरें जालां हां", "फोटोग्राफी मस्त", "असंच करत रहा". मग आमच्यातले एक ज्येष्ठ उठले. माणूस चांगला, चाळीस वर्षं उत्सवातल्या नाटकांत कामं केलेला. त्यांनी वीस मिनिटं ती फिल्म अक्षरशः सोलून काढली, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात नाही, गोष्टीत काही घडतच नाही, शेवट कळला नाही, मी असतो तर शेवटी बापाला मारलं असतं. मुलगा वहीत लिहून घेत होता. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो, पाचेक मिनिटांनी त्याने वही मिटली. शेवटची ओळ मला दिसली होती, "बाप मारायचा?" आणि त्याच्याखाली दोन रेघा.

त्यानंतर तो आला नाही. फोन केला तर "बघू काका, सध्या काम आहे".

मला तेव्हापासून चैन नाही. कारण त्या फिल्ममध्ये एक जागा होती, बाप दुकानाचं शटर खाली ओढतो आणि अर्ध्यावर थांबतो, आत बल्ब चालूच राहिलेला असतो, त्याचा उजेड त्याच्या पायांवर पडतो, आणि तो वाकून आत बघतो. माझ्या घशात आवंढा आला होता तिथे, माझ्या वडिलांचंही दुकान होतं. आणि हे मी त्याला सांगितलंच नाही! मीही "फोटोग्राफी मस्त" म्हणून मोकळा झालो.

आता या महिन्यात चोडणची एक मुलगी रफ कट घेऊन येतेय, २२ मिनिटांचा, आजी, नातू आणि फेरीबोट. चर्चेची सुरुवात मी करायची असं ठरलंय. मी बँकेत काम करतो, सिनेमा शिकलेलो नाही, इफ्फी, म्हणजे आपला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ मध्ये गोव्यात आला तेव्हापासून दर नोव्हेंबरला रजा टाकून पणजीला जातो तेवढंच. काय बोलू आणि कसं बोलू? खोटं कौतुक नको आणि अजून एक वही मिटायला नको.

रातकिडा

मी साऊंड करतो, लग्नापासून शॉर्टफिल्मपर्यंत मिळेल ते.

आधी तिला विचारा की कट कुठल्या टप्प्यावर आहे. रफ कट म्हणजे मिक्स झालेलं नाही, कलर झालेलं नाही, म्युझिक बहुतेक तात्पुरतं कुठून तरी उचलून टाकलेलं. त्यावर "रंग फिके वाटतात", "म्युझिक ओळखीचं वाटतं" असं बोलत बसलात तर ती बिचारी "हो ते व्हायचंय" एवढंच म्हणत राहील आणि अर्धा तास जाईल. रफ कटवर गोष्ट, लांबी, कुठला सीन कुठे असावा, कुठे काही कळलं नाही, हे बोलायचं. पिक्चर लॉक, म्हणजे एडिट पक्कं, झाल्यावर उलट, तेव्हा गोष्टीत बदल सुचवून माणसाची फक्त झोप उडते.

पण संवाद कळत नसेल तर ते मात्र रफ कटलाच सांगा, कारण "मिक्समध्ये बघू" म्हणून ते सुटतंच असं नाही. आपल्याकडे शूट म्हणजे पावसात पत्र्यावरचा आवाज, रात्री बेडूक, सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंपों, दुपारी शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप, आणि कॅमेऱ्यावरच्या माइकला हे सगळं संवादाएवढंच मोठं ऐकू येतं. सांगताना "साऊंड खराब आहे" असं म्हणू नका, त्यातून हाती काही लागत नाही. "४ मिनिटं १० सेकंदांना आजी दाराकडे तोंड करून बोलते त्यातला फक्त 'उद्या' शब्द कळला" असं सांगा. एवढ्यावर तिला ठरवता येतं, ती ओळ डब करायची, दुसऱ्या टेकमधला आवाज तिथे बसवायचा की ओळच काढून टाकायची. आणि एकदा सबटायटल बंद करून बघा, वाचल्यामुळे आपल्याला वाटतं की ऐकू आलं.

मी ऐकताना मनात तीन ढीग करतो. एक, आज एडिटला बसून होणारं. दोन, एक दिवस परत जाऊन होणारं, म्हणजे एखादा क्लोजअप राहिलाय किंवा रूम टोन घेतलाच नाही, मग त्याच खोलीत पंखा फ्रिज बंद करून सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं आणि ती शांतता रेकॉर्ड करायची. तिसरा ढीग म्हणजे आता काहीच करता येत नाही असं. तिसऱ्यावर मी लोकांसमोर बोलत नाही. एका मुलाने मोबाइल ऑटोवर ठेवून एलईडी बल्बखाली अख्खा स्वयंपाकघराचा सीन शूट केला होता, भिंतीवर पट्टे सरकत होते. आपली वीज ५० हर्ट्झची, कॅमेऱ्याचा शटर स्पीड १/५० नाहीतर १/१०० सेकंदावर लॉक केला असता तर बहुतेक आले नसते. हे त्याला चार जणांनी एकामागून एक सगळ्यांच्या देखत सांगितलं. त्याला ते शूटच्या रात्रीच कळलं होतं हो, आणि परत शूट करायला पैसे नव्हते. नंतर बाहेर चहा पिताना मी त्याच्या मोबाइलवर सेटिंग करून दिलं, पुढची फिल्म स्वच्छ आली.

फोंड्याची

मी दोन फिल्म केल्या आहेत, त्यामुळे ऐकून घेणाऱ्याच्या बाजूने सांगते.

पहिली फिल्म झाली तेव्हा लिंक साठेक जणांना पाठवली. पन्नास अंगठे आले, "अभिनंदन", "अभिमान वाटतो", आणि त्यातल्या निम्म्यांनी फिल्म उघडली नव्हती हे मला यूट्यूबच्या आकड्यांत दिसत होतं. त्याने जेवढं वाईट वाटलं तेवढं कुणाच्या टीकेने वाटलं नाही.

सगळ्यात कामाचं मत कुणी दिलं माहितीये, आमच्याकडे मासे घेऊन येते ती बाई. पाटी उतरवून पायरीवर बसून तिने माझ्या फोनवर बघितली. त्यात एक बाई माहेरून परत येते आणि सासरच्या दाराच्या कडीवर हात ठेवून उभी राहते, मला तिचा संकोच दाखवायचा होता. मासेवाली तिथे म्हणाली "तिचो घोव मेलो काय गे?" (नवरा गेला का तिचा?) मी म्हटलं नाही हो, असं का वाटलं? तर म्हणाली कुत्रं रडतंय ना. मी चमकले. लोकेशनवर लांब कुठेतरी कुत्रं रडत होतं ते ट्रॅकमध्ये आलेलं, मी तो सीन दोनशे वेळा बघितला होता आणि मला ते ऐकू येणंच बंद झालं होतं. कुत्रं काढलं, शॉट ९ सेकंदांचा होता तो ५ वर आणला, सीन उभा राहिला. तिने मला "हे काप" म्हटलं नाही, तिच्या डोक्यात काय आलं तेवढंच सांगितलं, आणि आपल्याला बाहेरून नेमकं तेच हवं असतं कारण आपल्या डोक्यात काय आहे ते आपल्याला माहीतच असतं.

तुमच्या ज्येष्ठांबद्दल. आमच्या घरात पण नाटक आहे, देवळाच्या मंडपात उत्सवाचं नाटक, कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा, सगळं बघत वाढले, त्यामुळे त्यांचं दुखणं मला कळतं. आपला कानच तसा तयार झालाय, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेलाच पाहिजे. पण कॅमेऱ्यासमोर शेवटची रांग हातभर अंतरावर असते, तिथे आवाज चढवला की खोटं वाटतं. म्हणून त्यांना गप्प बसवू नका. त्यांना विचारा की या सीनमध्ये कोणाला काय हवंय आणि ते मिळू न देणारं कोण आहे. चाळीस वर्षं रंगमंचावर उभा राहिलेला माणूस हे आपल्यापेक्षा लवकर ओळखतो. फक्त "मी असतो तर" हे वाक्य तुमच्या चौकात बंद करा. बापाला मारणं ही त्यांची फिल्म झाली, त्या मुलाची नाही.

आणि काका, एक सांगू? तुम्ही इथे शटरबद्दल जे लिहिलंत ते त्या मुलाला आजच्या आज फोन करून सांगा. अगदी असंच, बल्ब, पाय, वडिलांचं दुकान, सगळं.

नदीकाठ

फोंड्याची +१

मी नाचाच्या क्षेत्रात आहे, आमच्याकडे एक पद्धत वापरतात ती सांगते. लिझ लर्मन नावाच्या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने १९९० मध्ये ती बसवली. चार पायऱ्या आहेत. आधी बघणाऱ्यांनी सांगायचं की काय लक्षात राहिलं, काय भिडलं, काय नवं वाटलं. मग जिने काम केलंय ती प्रश्न विचारते आणि बाकीचे फक्त त्याचीच उत्तरं देतात. मग बघणाऱ्यांचे प्रश्न, पण प्रश्नात स्वतःचं मत दडवायचं नाही. "शेवट एवढा का ताणलाय?" हा प्रश्न नाहीच, ते मत आहे. "शेवटाला एवढा वेळ देताना काय मनात होतं?" हा प्रश्न. आणि सगळ्यात शेवटी मत, तेही "आजीच्या घराबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचंय का?" असं विचारून, आणि ती नको म्हणू शकते.

पहिल्यांदा केलं तेव्हा मला हे जरा अवघडल्यासारखं झालं होतं. पण दुसरी पायरी तरी नक्की करा. जिने केलंय तिला स्वतःला कुठे शंका आहे हे कोणी विचारतच नाही.

जुना एडिटर

वरचं सगळं पटलं, पण मला भीती वाटते की जपता जपता तुम्ही खरं बोलायचं विसराल. फेस्टिव्हलवाले कारण देत नाहीत, दोन ओळींचा मेल येतो आणि संपलं. त्याआधी खरं सांगणारे फक्त तुम्ही आहात, तिच्या हक्काचे प्रेक्षक.

२२ मिनिटं ऐकूनच मला काळजी वाटली. ऑस्करच्या नियमात शॉर्ट म्हणजे श्रेयनामावली धरून ४० मिनिटांपर्यंत, पण म्हणून ती जागा भरायचीच असं नाही. एका स्लॉटमध्ये चार-पाच फिल्म बसवायच्या असतात तेव्हा १२ मिनिटांची फिल्म कुठेही बसते आणि २२ मिनिटांचीला दुसऱ्या दोघांची जागा मागावी लागते. फिल्म लांब वाटली तर स्पष्ट सांगा. कसं सांगायचं म्हणाल तर "लांब आहे" म्हणू नका, मी एक करतो, अंधारात बसताना हातात कागद ठेवतो आणि लक्ष जिथे उडालं, घड्याळाकडे किंवा मोबाइलकडे नजर गेली, तिथला मिनिट लिहितो. दहा जणांनी असं केलं आणि सहा जणांचा मिनिट एक आला तर तिथे वाद घालायला काही उरत नाही. आणि हे ध्यानात ठेवा की कंटाळा ज्या मिनिटाला येतो त्याचं कारण बरेचदा तीन-चार मिनिटं आधी असतं, कोणाला काय हवंय हे तिथे कळलेलं नसतं. त्यामुळे कंटाळ्याची जागा तुम्ही सांगा, कारण तिला शोधू दे.

दुसरं, कंटिन्युइटीच्या चुका मोजत बसणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. पेला डाव्या हातात होता, मग उजव्या हातात कसा आला? वॉल्टर मर्च या अमेरिकन एडिटरने कट कुठे द्यायचा याला टक्के लावलेत, भावनेला ५१, गोष्टीला २३, लयीला १०, प्रेक्षकाची नजर पडद्यावर कुठे आहे त्याला ७, चौकटीतल्या रचनेला ५ आणि कोण कुठे उभा होता त्या सलगपणाला सगळ्यात कमी, ४. म्हणजे पेल्याची जागा त्या चारात. रडणाऱ्या माणसाचा चांगला टेक असेल तर पेला कुठल्याही हातात असू दे, मी तोच टेक घेईन. पेल्यावर चर्चा सुरू झाली तर मात्र समजा की सीनने लोकांना धरून ठेवलं नाही, आणि ते तिला जरूर सांगा.

आणि फिल्म चादरीवर सगळ्यांनी एकत्र बघा, चांगल्या स्पीकरवर. आदल्या दिवशी लिंकवर, बसमध्ये, एकच इयरफोन लावून बघितलेल्याचं मत त्या दिवशी घेऊ नका.

डिचोलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवार झाला, काय झालं ते लिहितो.

आधी त्या मुलाला फोन केला, शटरचं सांगितलं. तो बराच वेळ काही बोललाच नाही, मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाला, "काका, ते शटर खरंच अडकलं होतं." गंजलेलं शटर, अर्ध्यावर अडकलं, त्याचे काका खरोखरचे थांबले आणि वाकून बघायला लागले की काय झालं. त्याला ती चूक वाटत होती आणि नव्या कटमध्ये तो ती काढणार होता. मी म्हटलं हे बघ, ठेव की काढ ते तू ठरव, मला तिथे काय झालं ते मी सांगितलं. काल तो आला होता. मागे बसला, फार बोलला नाही, पण आला.

चोडणच्या मुलीला मी आधीच विचारून ठेवलं होतं की तुला आमच्याकडून काय जाणून घ्यायचंय. ती म्हणाली एकच, आजी शेवटच्या फेरीत नातवावर रागावलेली आहे हे कळतं का. मी फिल्मच्या आधी कोणाला सांगितलं नाही. संपल्यावर चिठ्ठ्या वाटल्या, आजीला शेवटी काय वाटतंय ते एका शब्दात लिहा. तेरा जण होतो. नऊ चिठ्ठ्यांवर "दमलीय". दोनवर "एकटी". "राग" फक्त दोघांनी लिहिलेला.

तिचा चेहरा उतरला, खोटं कशाला सांगू. पण आम्ही घाई केली नाही. नदीकाठ यांनी सांगितलं तसं आधी काय लक्षात राहिलं ते एकेकाने सांगितलं, फेरीबोट धक्क्याला लागताना आजी पदर सावरते ते सहा जणांना आठवत होतं. मग मी विचारलं की राग दाखवायला तू काय काय शूट केलं होतंस? तर म्हणाली एक शॉट होता, पाऊस येतो आणि नातू आजीच्या डोक्यावर छत्री धरतो, आजी ती हाताने ढकलून देते. फोकस गेला म्हणून काढला. तिने लॅपटॉपवर तो कच्चा शॉट दाखवला आणि आमचे ज्येष्ठ पुढे सरकून म्हणाले, "अगो, राग हाच. तोंडाने राग कोणीही दाखवतो, हाताने दाखवला ना हिने." त्यांच्या तोंडून आलेलं बघून मला किती बरं वाटलं सांगू. फोकस जेमतेम अर्धा सेकंद गेलाय, छत्री जवळ येते तेव्हा. तो शॉट ती परत लावतेय.

मिनिटांचे कागद पण वाटले होते. पाच जणांनी १३ च्या आसपास लिहिलं होतं, मी पण. तिथे फेरीबोट दुसऱ्यांदा नदी ओलांडते, दिसायला फार सुंदर आहे, मांडवीवर पावसाचे ढग वगैरे, पण तोपर्यंत आजी कुठे चाललीय हे आम्हाला कळलेलं नाही. हे मी तिला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली तो शॉट मिळवायला तीन सकाळी गेल्या. मी म्हटलं माहीत नव्हतं, पण मी तिथे घड्याळ बघितलं हे खरं आहे. तिने लिहून घेतलं, आणि या वेळी वही उघडी होती शेवटपर्यंत.

आता एक अडचण. फेरीबोटीची ती पुढची फळी धक्क्यावर आदळते त्याचा आवाज तिच्याकडे नीट नाही, नातवाच्या संवादाखाली गेलाय, आणि तिला फिल्म त्या आवाजावरच संपवायचीय. रेकॉर्डर कोणाकडे मिळेल का? भाडं देईल ती.

रातकिडा

भाडं नको. माझा रेकॉर्डर आहे, शनिवारी मोकळा आहे. पहाटेच्या पहिल्या फेरीला जाऊ, तेव्हा गाड्या कमी आणि धक्क्यावर माणसं कमी. इंजिनचा आवाज येणारच, तो वेगळा पण घेऊ लांबून, मिक्समध्ये लागेल. साखळीचा वेगळा, फळीचा वेगळा, आणि फळी पडल्यावर पहिली मोटारसायकल तिच्यावरून जाते ना, तो धडधड आवाज पण. फळीचा दणका मोठा असतो, लेव्हल खाली ठेवावी लागेल, एक-दोन फेऱ्या ट्रायलला जातील. नदीवर वारा असतो, माइकवर घालायचं फरचं कव्हर आहे माझ्याकडे. तिला म्हणावं चार पेन्सिल सेल घेऊन ये, आणि आजीचं काम केलंय त्यांना पण आणता आलं तर बघ, आजीची एखादी ओळ नीट कळत नसेल तर तिथेच डब करून घेऊ.

डिचोलीकर

आजींना विचारलं, येतायत. मी पण येतो, रायबंदरच्या बाजूने. दुकानवाला मुलगा विचारतोय की बूम (माइकची लांब काठी) धरायला कोणी लागेल का.

रातकिडा

लागेल. हात दुखतील म्हणावं, फुल बाह्यांचा शर्ट घालू नकोस, कापड घासल्याचा आवाज येतो.